घराची लांबी बावीस फूट : ०.३२ रिव्हॉल्व्हर रेंजवर पारखण्याची कृती

परवाना झाला, रिव्हॉल्व्हर घरात आलं आणि पुढची नऊ वर्षं मी ते एकदाही चालवलं नाही. दर दसऱ्याला ते लोखंडी कपाटातून निघायचं, पाटावर बसायचं. हळदीकुंकू, आपट्याचं पान, खोबरेल तेलाचा बोळा, नमस्कार, आणि पुन्हा कपाटात. पारशिवनीच्या बाहेर वावरातल्या घरात आम्ही राहतो. कापसाचे पैसे घरात असले की मी कपाटाकडे बघून निश्चिंत झोपत असे.

नवव्या वर्षी कन्हानचे एक निवृत्त सुभेदारकाका मला नागपूरच्या रेंजवर घेऊन गेले. चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली जुनी काडतुसं मी तशीच भरली आणि सहा वेळा ट्रिगर दाबला. चार गोळ्या उडाल्या. दोनदा नुसता खट् असा आवाज आला. काकांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेतलं, उघडलं, एक न उडालेलं काडतूस नखाने खरवडलं. पितळेवर हिरवा थर होता. "भाऊ, हे पयलेच उडवून पाहाले पायजे होतं ना," एवढंच ते बोलले. नऊ वर्षं मी ज्याच्या भरवशावर झोपलो होतो, ते तीनात एकदा दगा देणारं होतं.

तेव्हापासून मी स्वतःचं शस्त्र दरवर्षी पारखतो आणि तालुक्यातल्या ओळखीच्या परवानाधारकांनाही सोबत नेतो. त्या अनुभवातून बसलेली ही कृती आहे. ती परवानाधारकासाठी आहे आणि ती रेंजवरच करायची आहे. वावरात, नाल्यात किंवा पेंचच्या कालव्याच्या काठावर डबा ठेवून नाही. ०.३२ ची गोळी चुकली तर किलोमीटरभर जाऊ शकते, आणि तिथे कोणाचं तरी कापूस वेचणं चालू असतं.

आधी कागद

पारशिवनी नागपूर ग्रामीणमध्ये येते, म्हणून आपला परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. नागपूर शहरात तो पोलिस आयुक्तांकडून मिळतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे चालू नियम २०१६ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्नात-मिरवणुकीत आनंदाने केलेला गोळीबारही गुन्हा ठरवला: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "एकदा हवेत उडवून बघतो" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपल्या तालुक्याला लागू असलेली एक गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. पेंच १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. कोलितमाऱ्याच्या बाजूच्या गावांतल्या माणसाने अर्ज करण्याआधीच वनविभागाकडे विचारून घ्यावं, म्हणजे फाईल वर्षभर अडकून पडणार नाही. आणि उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायचं नाही, परवाना खिशात असला तरी.

रेंजवर जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. तिथे ०.३२ चालवू देतात का? कारण बऱ्याच क्लबांत फक्त एअर पिस्तूल आणि ०.२२ चालतं. आणि स्वतःचं शस्त्र आणायला सदस्यत्व लागतं की लेखी परवानगी? पोलिसांची रेंज असेल तर लेखी परवानगीशिवाय निघूच नका. निघताना मूळ परवाना सोबत, शस्त्र रिकामं आणि पेटीत बंद, काडतुसं वेगळ्या डब्यात. आमडी फाट्यावरून महामार्गाला लागून कन्हान, कामठी, नागपूर असा आमचा रस्ता. मध्ये चहाला थांबलो तर एक माणूस गाडीतच बसतो. आचारसंहितेच्या काळात शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा तारीख त्याआधीची किंवा नंतरची धरावी.

परवाना ज्याच्या नावाचा, ट्रिगरवर बोट त्याचंच. मुलाला "तू पण एक मारून बघ" म्हणू नका. घरात दुसऱ्या कोणाला शिकायचं असेल तर क्लबात त्याचं वेगळं सदस्यत्व काढा आणि क्लबाच्या शस्त्रावर शिकू द्या.

घर मोजा

आपण घर वाचवायला निघालो आहोत, मग आधी घर मोजू. मीटर-टेप घ्या आणि रात्री तुम्ही जिथे झोपता तिथून दारापर्यंत, दारापासून ओसरीच्या टोकापर्यंत अंतर घ्या. माझ्या घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा बावीस फूट भरली, म्हणजे पावणेसात मीटर. माझं शस्त्र बावीस फुटांवर कसं चालतं, हाच माझ्यासाठी खरा प्रश्न. नेमबाज राही सरनोबत जिथून नेम धरते ते पंचवीस मीटरचं अंतर खेळाडूचं. ते शिकायला फार चांगलं, पण पारखीसाठी आपल्याला नको.

टेप हातात आहे तोवर आणखी एक बघा: दाराच्या मागे काय आहे? लाकडी फळी, पत्रा, कुडाची भिंत ०.३२ ची गोळी थांबवत नाही. आमच्या दाराच्या सरळ रेषेत गड्याची झोपडी होती. मी टेप गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी कपाट खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं.

काय घ्यावं, स्वस्त म्हणजे काय

परदेशात लोक दुकानाच्याच रेंजवर चार पिस्तुलं भाड्याने चालवून बघतात आणि मग एक घेतात. आपल्याकडे ती सोय नाही. नागरिकांसाठी हातशस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे आणि ९ मि.मी. हे बोअर निषिद्ध आहे. उरतं ते मुख्यतः ०.३२ रिव्हॉल्व्हर, ०.३२ चं पिस्तूल आणि ०.२२. बरीच शस्त्रं कानपूरच्या सरकारी कारखान्यांतून येतात. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून निघालेल्या टायटॅनियम मिश्रधातूच्या 'निर्भीक'ची किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती. ०.२२ चं 'निडर' जेमतेम पाव किलोचं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला सात कंपन्यांत विभागलं गेलं. त्यातल्या कानपूरच्या एका कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' काढलं, ज्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. आपल्या नागपूरलाही त्या सातांपैकी एकीचं मुख्यालय अंबाझरीला आहे, पण ती हातशस्त्रं बनवत नाही.

स्वस्त शस्त्राचा हिशेब करताना लोक फक्त बिलाचा आकडा धरतात. त्यात वर्षाच्या सरावाची काडतुसं, कानाचे मफ, कुलूपबंद पेटी आणि रेंजची फी मिळवा. ही बेरीज झेपत नसेल तर शस्त्र स्वस्तात मिळूनही परवडलेलं नाही. जुनं, हातोहात फिरलेलं ०.३२ चांगलं असू शकतं, पण परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणि परवान्यावर रीतसर नोंद होऊनच.

हलकं शस्त्र खिशाला बरं, पण हाताला जास्त झटका देतं. घरात ठेवायचं असेल तर सातशे ग्रॅमचं साधं रिव्हॉल्व्हर मला पाचशे ग्रॅमच्या महागापेक्षा बरं वाटतं. पिस्तुलात मॅगझीन, स्प्रिंग, स्लाइड अशी अडकणारी अंगं जास्त. मनगट सैल राहिलं की पुंगळी बाहेर पडता पडता मध्येच उभी अडकते. वर्षातून दोनदाच हात लावणाऱ्याला माझा सल्ला रिव्हॉल्व्हरचाच.

रिकाम्या शस्त्राची पारख

ही पारख दुकानाच्या काउंटरवर करा, आणि तीच रेंजवर पहिली गोळी भरण्याआधी पुन्हा करा. उघडा, सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग करंगळी फिरवून बघा. तुमच्या आधी विक्रेत्याने बघितलं असेल तरीही. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला.

पकडून बघा. तळहात मुठीवर बसल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचतं का? पोचायला मनगट वळवावं लागत असेल तर ते तुमच्या हाताचं शस्त्र नाही, कितीही कमी भाव असो. मग विक्रेत्याला विचारून घोडा अंगठ्याने हळू मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर आपल्या जागी टक्कन बसायला हवं. सहाही घरांना हे करा. बसल्यावर सिलिंडर बोटांनी हलवून बघा. नावाला हालचाल चालते, खुळखुळा नको. नळीच्या मागे पांढरा कागद धरून उजेडात आत बघा. सर्पिल आटे स्वच्छ, धारदार दिसले पाहिजेत. गंजाचे खड्डे किंवा फुगवट्याचं कडं दिसलं तर पेटी बंद करा आणि घरी या.

आता चढलेला घोडा अंगठ्याने धरून हळू खाली सोडा. घोडा न चढवता, नुसता ट्रिगर ओढून चालवणं याला डबल ॲक्शन म्हणतात. भारतीय ०.३२ रिव्हॉल्व्हरांचा डबल ॲक्शन ट्रिगर जड असतो, ही त्यांची खोड आहे. रात्री दोन वाजता घोडा चढवायचं भान राहत नाही. तेव्हा हाच जड ट्रिगर ओढावा लागणार. म्हणून दुकानातच दहा वेळा ओढून बघा. नकली काडतुसं असतील तर ती घालून. दहाव्या वेळी बोट थरथरलं तर ते मनाशी नोंदवा.

दाबचाचणी, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाने नळी तपासणं, हे कारखान्याचं काम. दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. गावातल्या लेथवर, ओळखीच्या मेकॅनिककडे स्प्रिंग कापून ट्रिगर हलका करून घेणं कायद्याने गुन्हा आणि व्यवहाराने मूर्खपणा: त्याच स्प्रिंगच्या जोरावर घोडा काडतुसाच्या बुडाची टोपी फोडतो.

काडतुसं

दुकानात "बत्तीसची द्या" एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं ०.३२ वेगळं, पिस्तुलाचं वेगळं. नावात बत्तीस दोन्हींच्या, माप निराळं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे ठळक कडा असते आणि त्याची शिशाची गोळी साधारण सहा ग्रॅमची, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास वेगाने जाणारी. परवान्यावर आणि नळीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. बहुतेक वेळा हातात पडतात ती पुण्याजवळच्या खडकीची, बुडावर 'केएफ' छाप असलेली.

घरी आल्यावर एकेक काडतूस उजेडात फिरवून बघा. पितळेवर हिरवट थर, पोचा, सैल गोळी, बाहेर आलेली टोपी यातलं काहीही दिसलं तर ते बाजूला. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं कधीही साठवू नका. चामडं कमावताना वापरलेली रसायनं पितळ खातात. माझी सगळी तिथेच नासली होती. मूळ खोक्यात, कोरड्या जागी, वर खरेदीची तारीख लिहून ठेवा. खोबरेल तेलाचा बोळा काडतुसांवर तर अजिबात नको. तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि स्फोटक मारून टाकतं.

रेंजवर

कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. डोळ्यांवर चष्मा. गळाबंद सदरा, शेजारच्या पिस्तुलाची गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस हातातलं शस्त्र विसरून नाचतो. रेंज अधिकाऱ्याचा शब्द अंतिम. त्याने थांबा म्हटलं की अर्धा ओढलेला ट्रिगरही सोडायचा.

आणि खर्रा बाहेर ठेवून या. हे मी अगदी कळवळून सांगतो. गोळीबारात शिशाची बारीक भुकटी बोटांवर बसते. आपला नागपूरकडचा माणूस तासाला एकदा त्याच बोटांनी खर्रा चोळून ओठाखाली धरतो. ते शिसं थेट पोटात. सत्र संपेपर्यंत तोंडात काही नाही, नंतर थंड पाण्याने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, आणि घरी गेल्यावर सदरा बदलल्याशिवाय लेकराला उचलू नका.

घरून येताना नेलपॉलिशची बाटली आणा. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावर एका घराला एक टिपका, दुसऱ्याला दोन, असे सहापर्यंत लावा. कोणतं काडतूस कोणत्या घरातून गेलं हे कळल्याशिवाय पारख होत नाही. एक वही, एक पेन. लक्ष्य म्हणून साधा ए-फोर कागद पुरतो. मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा काळा ठिपका.

पहिली फेरी पाच मीटरवर. एका वेळी एकच काडतूस, बाकी पाच घरं रिकामी. घोडा चढवून, दोन्ही हातांनी, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून सावकाश. पहिल्या घरातून एक, मग दुसऱ्यातून एक, असं सहाव्यापर्यंत. प्रत्येक गोळीनंतर वहीत: घर कितवं, उडाली की नाही, भोक कुठे पडलं. हात इथे टेकवलेला आहे, म्हणून सहा भोकं एकत्र पण ठिपक्यापासून दूर पडली तर दोष साईटचा. विखुरली तर शस्त्राची तपासणी हवी.

पुंगळ्या काढल्यावर त्यांचं बूड बघा. टोपीवरचा खळगा मध्यभागी आहे का, सहाही सारखे खोल आहेत का? माझ्या दुसऱ्या भेटीत, नवीन काडतुसं असूनही, चार टिपक्यांच्या घरातलं काडतूस दोनदा उडालं नाही. टोपीवर नुसता पुसटसा डाग. काकांनी रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करून ते घर दात कोरायच्या काडीने उकरलं. काडीच्या टोकाला लालसर, मेणासारखी पपडी आली. वाळलेलं खोबरेल आणि नऊ दसऱ्यांचं कुंकू! त्या पपडीमुळे काडतूस पूर्ण बसत नव्हतं; घोड्याचा मार टोपी फोडण्याऐवजी काडतूस पुढे ढकलण्यात खर्च होत होता. घर साफ केल्यावर चौथं घर आजतागायत चुकलेलं नाही. पूजा मी अजून करतो, पण कुंकू पेटीला लावतो.

न उडालेल्या काडतुसाचं काय करायचं ते पाठ पाहिजे. नळी लक्ष्याकडेच ठेवून मनात तीस आकडे मोजा, कारण क्वचित टोपी उशिरा पेटते. मग उघडा, काढा, वेगळ्या डब्यात टाका. आणि धडाम् ऐवजी फुस्स असा आवाज आला, झटका कमी लागला, तर पुढचा ट्रिगर कोणत्याही परिस्थितीत ओढू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी आली तर नळी फुटते. हात वर करा, अधिकाऱ्याला बोलवा. याबाबतीत लाज बाळगणाऱ्याची बोटं जातात. बोटांवरून आठवलं: सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक गोळीला जळता वायू निघतो, तेव्हा आधाराच्या हाताचा अंगठा तिथे पुढे जाऊ देऊ नका.

दुसरी आणि तिसरी फेरी तुमच्या घराच्या अंतरावर, माझी बावीस फुटांवर, उभ्याने, डबल ॲक्शनने, सहाही घरं भरून. घाई नाही. बारापैकी बारा उडाल्या पाहिजेत आणि बाराही ए-फोर कागदावर पाहिजेत. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांच्या गोळ्या खाली डावीकडे जातात. जड ट्रिगर ओढताना पूर्ण मूठ आवळली जाते. हा हाताचा दोष. पहिल्या फेरीत टेकवलेल्या हाताने भोकं एकत्र आणि इथे पसरलेली, म्हणजे शस्त्र ठीक आहे आणि सराव कमी आहे.

चौथी फेरी घरात ठेवायच्या काडतुसांच्या खोक्यातून सहा. सरावाला एक खोकं आणि घरात दुसरंच, न उडवलेलं, असं करू नका. ही चोवीस काडतुसं झाली. परवान्यावर वर्षाची मर्यादा असते, काडतूस महाग असतं, म्हणून एका बैठकीला चोवीस पुरेत. पुढची चोवीस पावसाळ्यानंतर. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जुलैत कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. उन्हाळ्यात चोख चाललेलं शस्त्र दिवाळीला चालेल हे गृहीत धरू नये. उन्हाळ्यातल्या बैठकीत हात घामाने ओला असताना मूठ निसटते का हेही कळतं.

निकाल

नव्या काडतुसांवर चोवीसपैकी एक चुकलं तर ते काडतूस दोषी असू शकतं. साफ करून त्याच घरातून पुन्हा सहा चालवा. दोन चुकली, किंवा एकच घर पुन्हा चुकलं, तर शस्त्र परवानाधारक कारागिराकडे जाईल, तोवर ते घराच्या राखणीत धरायचं नाही. गोळी कडेने शिशाचे तुकडे फेकत असेल, शेजारी उभ्या माणसाच्या हाताला टोचत असेल, तर सिलिंडर आणि नळी एका रेषेत नाहीत. तिथेच थांबा.

शस्त्र उत्तीर्ण आणि हात नापास, हा निकाल सगळ्यात जास्त वेळा लागतो. त्यावर स्वस्त उपाय आहे. ०.१७७ बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. अंगणात दहा मीटरवर, मागे विटांची भिंत आणि पुढे भुशाने भरलेलं खोकं, कोंबड्या-लेकरं आत, असा रोज वीस छऱ्यांचा सराव तीन महिन्यांत हात बदलून टाकतो. मी तसाच सुधारलो.

नळी, सहाही घरं, सिलिंडरचा पुढचा भाग ब्रशने साफ करून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. पुंगळ्या मोजून, तारीख टाकून डब्यात जपा. हिशेब विचारला तर समोर ठेवता येतो. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. लेकरांना दोन्ही किल्ल्यांची जागा कळू देऊ नका.

रानडुकरासाठी किंवा बिबट्यासाठी हे शस्त्र आहे अशी समजूत असेल तर ती रेंजवरच सोडून या. ०.३२ ने डुक्कर थांबत नाही, जखमी होऊन अंगावर येतं, आणि पिकासाठी वन्यप्राण्यावर आपल्या मनाने गोळी झाडणं गुन्हा आहे. माणसांच्या बाबतीत १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ लागू आहेत. सूर्यास्तानंतर घरफोडी करून शिरणाऱ्याविरुद्ध कायदा मोठा अधिकार देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही, आणि पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडण्याचा तर नाहीच. दार पक्कं, अंगणात दिवा, एक जागं कुत्रं आणि ११२ ला फोन, हे सगळं आधी. ते झाल्यावरच कपाटाकडे हात जावा.

परवाना नूतनीकरणाला पाच वर्षं असतात. त्याची वाट बघू नका. आज संध्याकाळी कपाट उघडून काडतुसांच्या खोक्यावरची तारीख वाचा. हिरवी पडलेली निघाली तर ती नदीत किंवा विहिरीत टाकू नका, चुलीत तर नाहीच नाही. परवाना सोबत घेऊन ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करा, आणि त्याच फेरीत रेंजची तारीख घेऊन या.